लेथपाशी घडलेलं गद्य

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात 1870 च्या दशकात लोखंड लाटण्याचा एक कारखाना होता. भट्टीतून निघालेला रसरशीत लोखंडाचा तुकडा फिरत्या रोलरांच्या जोडीतून काढायचा, पलीकडच्या माणसाने तो पकडून परत अलीकडे द्यायचा, बाकीच्यांनी आकड्यांनी पेलून धरायचा. प्रत्येक फेरीला तो थोडा पातळ, थोडा लांब होत जायचा. एकाची नजर हलली तर दुसऱ्याचा पाय भाजायचा. या टोळीची स्वतःची युनियन होती आणि तिच्या शाखेने 1873 ते 1876 या काळात आपल्या बैठकांची नोंदवही ठेवली होती. शंभर वर्षांनी डेव्हिड माँटगोमेरी या इतिहासकाराने ती वही वाचली आणि तिच्यावर एक परिच्छेद लिहिला. कामगारांविषयी इतिहासकारांनी बरंच काही लिहिलं आहे. पण मला विचाराल तर कामगाराच्या बुद्धीविषयीचा इतका दाट परिच्छेद मी दुसरा वाचलेला नाही.

त्या परिच्छेदात सांगितलेली हकीकत साधी आहे. टोळीने कंपनीशी प्रत्येक कामासाठी टनामागे एकच दर ठरवला होता. एका कामाचा दर होता 1 डॉलर 13 सेंट. कंपनीचा संबंध इथेच संपला. या रकमेतला किती वाटा कुणाला, हे टोळीने आपसांत ठरवलं. दिवसाला किती फेऱ्या काढायच्या, काम कुणी कसं वाटून घ्यायचं, उन्हाळ्यात आकडेवाल्यांना भट्टीच्या झळा असह्य होतात तेव्हा त्यांच्यासाठी कोणती सोय करायची, नवा माणूस टोळीत कसा घ्यायचा आणि त्याने कोणत्या पायरीने वर चढायचं, हेही त्यांनीच ठरवलं. हे सगळं माँटगोमेरी एकाच लांबलचक वाक्यात रचतात. एकेक बाब पुढे येते, स्थिरावते, तिच्या मागून दुसरी येते. वाचणारा मोजायला लागतो, मग मोजणं सोडून देतो. आणि त्या लांब वाक्यानंतर एक आखूड वाक्य येतं. त्याचा आशय असा, की मालकाने यंत्रं नि कच्चा माल विकत घेतला आणि तयार माल विकला. त्याचं काम तेवढंच.

या आखूड वाक्यात आवाज चढलेला नाही. मालकावर एकही विशेषण टाकलेलं नाही. आधीच्या वाक्यात कामगारांच्या निर्णयांची रास इतकी उंच झालेली असते, की मालकाची बाजू मांडायला लेखकाला मुद्दाम शब्द आखूड करावे लागत नाहीत. तिथे सांगण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं. आणि त्या लांब वाक्याच्या पोटात एक खडा ठेवलेला आहे. वाटे मुळीच समान नव्हते, हे माँटगोमेरी तिथल्या तिथे सांगून टाकतात. लोखंड लाटणाऱ्या मुख्य कारागिराला, म्हणजे रोलरला, टनामागे 19.25 सेंट मिळत आणि शेवटच्या आकडेवाल्याला 5 सेंट. कामगारांचं स्वराज्य दाखवताना त्या स्वराज्यातली उतरंड झाकायची नाही, ही शिस्त या लेखकाने शेवटपर्यंत सोडलेली नाही.

हा परिच्छेद ज्या लेखातला आहे त्याचा विषय एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रोत्पादनावर कामगारांचं असलेलं नियंत्रण. 1976 साली ‘लेबर हिस्टरी’ या नियतकालिकात तो छापून आला आणि 1979 साली ‘वर्कर्स कंट्रोल इन अमेरिका’ या पुस्तकात पहिल्या जागी बसला. पंचवीसेक पानांचा लेख. तो लिहिला तेव्हा माँटगोमेरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पण त्यातली नजर विद्यापीठात तयार झालेली नाही, आणि माझ्या मते हा लेख वाचण्याची किल्ली तिथेच आहे.

माँटगोमेरींचा जन्म 1 डिसेंबर 1927 चा, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर गावचा. सैन्यात असताना त्यांची नेमणूक लॉस अलामोसला, म्हणजे अणुबॉम्ब जिथे घडला त्या ठिकाणी झाली होती. तिथून सुटल्यावर स्वार्थमोर कॉलेजातून 1950 साली पदवी घेतली. पदवीनंतरची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आणि मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये मशिनिस्ट म्हणून काढली. विद्युत उपकरणांच्या कामगारांची युनायटेड इलेक्ट्रिकल वर्कर्स, मशिनिस्टांची युनियन, टीमस्टर्स अशा तीन संघटनांत त्यांनी काम केलं. हा काळ मॅकार्थीचा. डाव्या कामगार कार्यकर्त्यांच्या मागे सरकारी तपास यंत्रणा लागलेली होती, आणि काळ्या यादीत नाव गेलं की एका दारातून दुसऱ्या दारात जाणंही अवघड होई. माँटगोमेरी कम्युनिस्ट पक्षात होते. दशक संपण्याआधी ते पक्षाबाहेर पडले, तरी यादी त्यांच्या मागे राहिलीच. कारखान्यांची दारं मिटत गेली तेव्हा ते इतिहासाकडे वळले. 1962 साली मिनेसोटा विद्यापीठाची डॉक्टरेट, मग पिट्सबर्ग विद्यापीठात चौदाएक वर्षं, आणि 1979 पासून 1997 मध्ये निवृत्त होईपर्यंत येल. एका ओळीत मांडलं की हा प्रवास कारखान्यातून विद्यापीठाकडे ‘वर’ जाण्याचा वाटतो. त्यांचं लेखन वाचताना मात्र उलट जाणवतं. लेथपाशी सुरू झालेलं शिक्षण ते पुढे चाळीस वर्षं दुसऱ्या खोलीत चालवत होते.

लेखाचा आरंभच पाहा. पहिला साक्षीदार म्हणून माँटगोमेरी कुणा कामगार पुढाऱ्याला बोलावत नाहीत. ते बोलावतात फ्रेडरिक विन्सलो टेलरला. टेलर म्हणजे ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा जनक, हातात घड्याळ धरून कामगाराच्या हालचालींचे सेकंद मोजण्याची रीत जगाला देणारा माणूस. याच टेलरने 1911 साली लिहून ठेवलं होतं, की पाचशे-हजार माणसांच्या कारखान्यात वीस-तीस वेगवेगळी कसबं असतात, त्यांचं ज्ञान तोंडी एकाकडून दुसऱ्याकडे आलेलं असतं, आणि हाताखालच्या माणसांच्या एकत्रित ज्ञानापुढे फोरमनचं आणि सुपरिंटेंडंटचं ज्ञान तोकडं असतं. टेलरला हा दोष वाटत होता. ते ज्ञान कामगाराच्या डोक्यातून काढून व्यवस्थापनाच्या कचेरीत नेल्याशिवाय कारखाना ताब्यात येणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. माँटगोमेरी तीच साक्ष घेतात आणि तिचा दुसरा अर्थ वाचकापुढे ठेवतात. म्हणजे त्या आधी कारखाना कुणाच्या ताब्यात होता, हे खुद्द टेलरने कबूल केलेलं आहे.

युनियनमध्ये काम केलेल्या माणसाची ही रीत आहे. समोर बसलेल्यांपैकी कुणी म्हणेल, की हे तुमचं कामगारप्रेम बोलतंय. म्हणून पहिली साक्ष विरोधी पक्षाची. ती कापता येत नाही.

पण यात आणखी खोल काही आहे, आणि लेखात ते कुठेही उघड सांगितलेलं नाही. टेलर फिलाडेल्फियाचाच. त्याचा जन्म 1856 चा, सुखवस्तू घरातला. हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊनही तो तिकडे गेला नाही. कारखान्यात उमेदवारीला लागला आणि 1878 साली मिडवेल स्टीलमध्ये आला. तिथे लेथवर काम करताना त्याला कामगारांचं गुपित कळलं. किती नग काढायचे हे सगळे मिळून ठरवतात आणि त्यापलीकडे कुणी जात नाही. तो स्वतःही त्या कराराला बांधील राहिला, असं त्याने पुढे अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं. मग तो गँग बॉस झाला आणि आता आपण कुंपणाच्या पलीकडे आहोत हे त्याने जुन्या सोबत्यांना सांगून टाकलं. त्यानंतर तीन वर्षं त्याची त्यांच्याशी झुंज चालली, आणि त्या झुंजीतून त्याचं शास्त्र निघालं. सत्तर वर्षांनी त्याच परिसरातला दुसरा शिकलेला तरुण लेथवर उभा राहिला. त्यालाही तेच गुपित कळलं. ते घेऊन तो कामगारांच्या बाजूलाच राहिला, आणि पुढे वर्गात आला तेव्हा त्याने ते गुपित एका नीतीची गोष्ट म्हणून सांगितलं. हे लक्षात ठेवून लेख वाचला की टेलरचं नाव जिथे जिथे येतं तिथे एका लेथवाल्याने दुसऱ्या लेथवाल्याला दिलेलं उत्तर ऐकू येतं.

लेखाचा गाभा आहे ते हे गुपित. आपल्यापुरती कामाची मर्यादा कामगार स्वतः घालून घेत. मालकांच्या कागदपत्रांत याचं नाव कामचुकारपणा. टेलरही तेच म्हणे. माँटगोमेरी या मर्यादेकडे कसे पाहतात ते वाचण्यासारखं आहे. आधी ते तिचं साधं गणित सांगतात. नगावर मजुरी असलेल्या खात्यात एखाद्याने जास्त नग काढले की मालक दर उतरवतो. मग सगळ्यांना जुन्याच पगारासाठी जास्त राबावं लागतं. कामं लवकर उरकली की काही जणांचं कामच जातं. इथवर कुठलाही अर्थशास्त्रज्ञ येईल. पुढची पायरी माँटगोमेरींची आहे. ही मर्यादा पाळणं हे त्या कारागिरांच्या लेखी चारित्र्याचं लक्षण होतं, हे ते दाखवतात. मर्यादा ओलांडून धावणाऱ्याला दिलेल्या शिव्यांची एक यादीच ते पुढे ठेवतात. डुक्कर, उकरणारा, पळणारा, पाठलाग करणारा, अशा जातीच्या त्या शिव्या आहेत. अधाशीपणा हे या सगळ्या शिव्यांचं मूळ. शेजाऱ्याच्या ताटातलं ओढून घेणाऱ्याबद्दल जो तिटकारा वाटतो, तोच यांत आहे.

शिव्या हा इतिहासाचा पुरावा आहे, हे कळायला त्या शिव्या दिल्या जातात त्या जागी काही काळ उभं राहावं लागतं, असं मला वाटतं. दफ्तरखान्यातल्या कागदांत ‘उत्पादनावर निर्बंध’ एवढंच सापडतं. तो निर्बंध माणसाच्या तोंडून कसा बोलला जातो, जेवणाच्या सुट्टीत कुणाशेजारी कुणी बसत नाही, नव्या पोराला पहिल्या आठवड्यात कुणी बाजूला घेऊन काय सांगतं, याची जाण ज्याला आहे त्यालाच जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि समित्यांच्या साक्षींच्या ढिगाऱ्यातून नेमका शब्द उचलता येतो. माँटगोमेरींच्या तळटिपा दाट असतात. पण लेखाचा वेग तळटिपांनी अडत नाही, कारण काय शोधायचं हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

याच गाभ्यात मालकासमोर ताठ उभं राहण्याचा भाग येतो. वरिष्ठ पाहत उभा असेल तर अनेक कारागीर काम थांबवत, तो गेल्यावर पुन्हा सुरू करत. इथे माँटगोमेरी मॅसॅच्युसेट्समधल्या एका मशिनिस्टाची आठवण देतात. 1860 च्या दशकातली गोष्ट. मशीन शॉपमध्ये नवे नियम लागले होते. पहिल्या घंटेला कामाचे कपडे चढवून जागेवर हजर राहायचं, शेवटच्या घंटेपर्यंत ते उतरवायचे नाहीत, आणि मधल्या वेळात दारांना कुलूप. त्या माणसाने आपल्या वस्तू गोळा केल्या आणि तो निघाला. थोड्याच वेळात बाकीचेही त्याच्या मागे आले. हा प्रसंग माँटगोमेरी दोन-तीन वाक्यांत संपवतात. दुसरा लेखक इथे थांबला असता, त्या बाहेर पडणाऱ्या माणसाभोवती प्रकाश टाकला असता. माँटगोमेरींना त्या एकट्याच्या धैर्यापेक्षा बाकीचे मागे का आले यात रस आहे. आणि ते का आले याचं उत्तर आधीच्या पानांत देऊन झालेलं आहे. तिथे रोजच्या कामात एकमेकांना धरून राहण्याची सवय होती. कुलूप त्या सवयीला लागलं.

या ताठपणाचं वर्णन करताना माँटगोमेरी प्रतिष्ठा, अब्रू, बेदरकार समानता हे गुण मांडतात आणि त्याच ओळीत, त्याच दमात, पुरुषी वर्चस्वही मांडतात. हा ताठपणा कुटुंबाचा पोशिंदा असलेल्या पुरुषाचा होता; त्याच्या घरातली बाई आणि त्याच्या हाताखालचा हमाल या समानतेत बसत नव्हते. गुण आणि दोष वेगळ्या परिच्छेदांत वाटले असते तर वाचकाला सोयीचा भाग घेऊन पुढे जाता आलं असतं. एका ओळीत आल्यावर दोन्ही एकत्रच उचलावे लागतात.

पुढे लेख एका माणसाच्या आणि टोळीच्या पातळीवरून युनियनच्या पातळीवर चढतो. इथला खिडक्यांच्या काचेच्या कामगारांचा भाग मी कितीदाही वाचू शकेन. नाइट्स ऑफ लेबर या विशाल संघटनेची 300 क्रमांकाची शाखा म्हणजे काच कारागिरांची शाखा. तिचं केंद्र पिट्सबर्ग. एक जण वितळलेली काच नळीवर गोळा करी, दुसरा फुंकून तिचं मोठं नळकांडं करी, तिसरा ते उभं चिरून सपाट करी, चौथा कापी. या चौघांच्या संघटनेने कामाचे नियम छापले होते. ताशी नऊपेक्षा जास्त नळकांडी काढायची नाहीत. भट्टीवर पूर्ण टोळी हजर असल्याशिवाय काम नाही. ठरावीक सणांच्या दिवशी काम नाही. आणि 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत कुणीच काम करायचं नाही. उन्हाळ्याचे तीन महिने साऱ्या भट्ट्या थंड.

भर उन्हात वितळलेल्या काचेसमोर नळी फुंकणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा विचार केला, तर या नियमाला दुसऱ्या समर्थनाची गरज नाही. पण माँटगोमेरींचं लक्ष नियम बनवण्याच्या रीतीकडे आहे. हे नियम मालकांशी वाटाघाटी करून आलेले नव्हते. कामगारांनी आपल्या सभेत ठराव केले, ते पाळण्याची एकमेकांना शपथ दिली, आणि ते लागू झाले. मालकाला त्यांची बातमी कळे. माँटगोमेरी याला कायदे करणं म्हणतात, कारण ते त्यांना शब्दशः तसंच दिसतं. कारखान्याच्या आत एक विधानसभा बसत होती आणि तिचे सभासद हाताने काम करणारे होते. लोकशाही म्हणजे पाच वर्षांनी येणारं मतदान, एवढ्यावर आपण आता इतके समाधानी झालो आहोत, की भट्टी कधी विझवायची हे भट्टीवर काम करणाऱ्यांनी मत देऊन ठरवलं होतं, हे वाचताना आपल्या कल्पनाशक्तीला ताण पडतो. हा ताण देणं हे या लेखाचं मोठं काम आहे.

तिसरी पातळी वेगवेगळ्या कसबांच्या कामगारांनी एकमेकांच्या नियमांसाठी संप करण्याची. तिच्याविषयी माँटगोमेरी आकडेवारीने बोलतात. 1890 च्या आसपास असे सहानुभूतीचे संप कसे वाढले ते सांगतात. हा भाग महत्त्वाचा आहे, पण लेखाचं सौंदर्य त्यात नाही. तिथे सुताराची गोष्ट लोहाराला कशी कळली, आपलं काम बंद करून दुसऱ्याच्या नियमासाठी उपाशी राहायला माणूस कशाने तयार झाला, हे ऐकायची इच्छा होते. पहिल्या दोन पातळ्यांवर माणसांचा घाम दिसतो. तिसरीवर तक्ते जास्त दिसतात.

लेखाची वेळही पाहायला हवी. 1974 साली हॅरी ब्रेव्हरमन यांचं ‘लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल’ आलं होतं. ब्रेव्हरमन हेही हाताने काम केलेले, जहाजबांधणीच्या गोदीत तांबट म्हणून उमेदवारी केलेले गृहस्थ. टेलरच्या शास्त्राने कामगाराकडून कसब कसं हिरावून घेतलं, याचं त्यांनी केलेलं वर्णन अजूनही अंगावर येतं. पण त्या पुस्तकात कामगार बहुतेक वेळ सोसतो. माँटगोमेरींच्या लेखात तो ठरवतो, नियम करतो, सोबत्याला टोकतो, चुकतो, दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो. काय गेलं ते ब्रेव्हरमन सांगतात. जे गेलं ते नांदत होतं तेव्हा कसं होतं, हे माँटगोमेरी सांगतात. ते पुस्तक आणि हा लेख जोडीने वाचायला हवेत, आणि माझा कल माँटगोमेरींकडे जातो, हेही सांगायला हवं.

साठीच्या दशकाच्या अखेरीस माँटगोमेरी दोन वर्षं इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात होते. ई. पी. थॉम्पसन तिथे सामाजिक इतिहासाचं केंद्र उभं करत होते. थॉम्पसन यांनी 1948 पासून 1965 पर्यंत लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातर्फे यॉर्कशरमध्ये संध्याकाळचे वर्ग घेतले होते. ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ हे त्यांचं 1963 चं पुस्तक त्या वर्गांच्या काळातलं. दोघांच्या गद्यात फरक मोठा आहे. थॉम्पसन कवीसारखे लिहितात, रागावतात, प्रेमाने थबकतात. माँटगोमेरी धातू कापणाऱ्यासारखे लिहितात. एका वेळी पातळ थर काढायचा, माप घ्यायचं, पुन्हा हत्यार लावायचं. वाक्य सुटून कुठे जात नाही. थॉम्पसनची भुरळ चटकन पडते. माँटगोमेरींचं गद्य दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात उघडतं.

विद्यापीठात आल्यावर युनियनशी असलेला संबंध त्यांच्यासाठी आठवणीत जमा झाला नाही. 1984 साली येल विद्यापीठातल्या कारकून आणि तंत्रसाहाय्यकांच्या युनियनने, म्हणजे लोकल 34 ने, संप केला. या कर्मचाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बायका करतात म्हणून एखाद्या कामाचा पगार कमी का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो साऱ्या देशाने ऐकला. संप दहा आठवडे चालला. विद्यापीठाच्या सर्वांत मानाच्या अध्यासनांपैकी एकावर बसलेले माँटगोमेरी उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. आठ वर्षांपूर्वी लिहिलेल्या लेखातल्या पुरुषी कारागिरांच्या जगात या बायकांना जागा नव्हती, हे त्यांना इतर कुणाहून जास्त ठाऊक होतं. पुढे ते अमेरिकन इतिहासकारांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. 2000 साली तिचं अधिवेशन सेंट लुईसला एका हॉटेलात व्हायचं होतं. त्या हॉटेलांच्या साखळीवर कृष्णवर्णीय पाहुण्यांना वेगळी वागणूक दिल्याबद्दल सरकारने खटला भरला. माँटगोमेरींच्या पुढाकाराने इतिहासकारांनी अधिवेशन त्या हॉटेलातून बाहेर काढलं आणि गावातल्या विद्यापीठात भरवलं. करार मोडल्याचा आर्थिक भार संघटनेवर येणार हे दिसत असताना घेतलेला हा निर्णय होता.

मराठी वाचकाला हा लेख दूरचा वाटायचं कारण नाही. टेलरच्या शास्त्राची लाट मुंबईच्या गिरण्यांत आली तेव्हा तिचं नाव होतं रॅशनलायझेशन. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे, कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. अमेरिकेतल्या मशिनिस्टांच्या युनियनचा जुना आग्रह होता, एका माणसाने एकच यंत्र चालवायचं. गिरणगावातल्या विणकराचं म्हणणं याच घरातलं आहे. संपानंतर फॉसेट कमिटी बसली. एका विणकराने किती माग बघावेत हा प्रश्न तिच्या टेबलावर आला, आणि नव्या पद्धती तिने तत्त्वतः योग्य ठरवल्या. त्या संपाविषयी आपल्याकडे पुढारी, पक्ष, तडजोडी यांच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दोन मागांवर उभ्या असलेल्या माणसाला काय काय ठाऊक होतं, तुटलेला धागा, दमट हवा, सुताचा नंबर यांविषयी त्याचे स्वतःचे कोणते हिशेब होते, तिसरा माग म्हणजे त्यातलं नेमकं काय सोडून देणं, असं विचारत त्या संपाचं दप्तर कुणी वाचलं, तर कोलंबसच्या नोंदवहीवरचा परिच्छेद त्याला वाट दाखवील.

आक्षेपही आहेत, आणि ते खरे आहेत. लेख छापून आला त्याच काळात काही समीक्षकांनी म्हटलं, की कुशल कारागिरांच्या या नियंत्रणाला माँटगोमेरी फार उजळ रंग देतात. रोलरचं स्वातंत्र्य त्याच्या हाताखालच्या मदतनीसाच्या पाठीवर उभं होतं. अनेक कारागीर युनियनांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. अमेरिकेतल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना, मातीकाम करणाऱ्या परदेशी मजुरांना, सूतगिरणीतल्या मुलींना, असं नियंत्रण कधी लाभलंच नव्हतं. माझ्या मते लेखात या साऱ्याच्या खुणा आहेत, सेंटांच्या त्या विषम वाट्यांपासूनच. पण खुणा म्हणजे उत्तर नव्हे. पंचवीस पानांत मदतनीसाचा स्वतःचा आवाज एकदाही येत नाही, ही उणीव मान्य करायला हवी.

माँटगोमेरींनी ती भरून काढायला अकरा वर्षं घेतली. 1987 साली त्यांचं ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ लेबर’ आलं. पुढच्या वर्षी ते पुलित्झरच्या अंतिम यादीत होतं. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिलं प्रकरण कारागिरांचं. त्याचं शीर्षक खाणकामगारांचा पुढारी बिग बिल हेवूड याच्या उक्तीवरून घेतलेलं, मॅनेजरचा मेंदू कामगाराच्या टोपीखाली असतो या अर्थाचं. म्हणजे जुना लेखच विस्तारून आलेला. दुसरं प्रकरण साध्या मजुराचं. खोदणारा, वाहणारा, आज इथे उद्या तिथे फिरणारा, ज्याच्या कामाला कुणी कसब म्हणत नाही तो. तिसरं यंत्र चालवणाऱ्या कामकऱ्यांचं, त्यांत कापडगिरण्यांतल्या बायका आणि मुली. आणि ही तीन जगं एकामागून एक उभी करून झाल्यावर मगच, चौथ्या प्रकरणात, टेलर येतो. त्या प्रकरणाचं शीर्षक धातू कापण्याच्या कलेविषयी आहे, टेलरने 1906 साली अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधावरून घेतलेलं. 1976 च्या लेखात टेलर पहिल्याच पानावर बोलत होता. इथे त्याला चौथ्या प्रकरणापर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर त्या पोलादाशी, त्या हत्यारांशी, त्या लेथशी कुणाकुणाचं काय नातं होतं हे वाचकाला त्याच्याआधी कळलेलं असतं.